तुम्ही विचारलंत म्हणून: वन-टू-वनच्या पुढे काय?

नोकरी बदलणाऱ्यांना करिअर कोचिंग देणारे बरेच जण हा एकच प्रश्न विचारतात: "आठवड्याला वीस वन-टू-वन सेशन्स (एका वेळी एकच क्लायंट) होतात, डायरीत जागा नाही, तरी पैसे तेवढेच. आता रेकॉर्डेड कोर्स काढू का?"

नका काढू. निदान आत्ता तरी नको. कोर्स खपायला तुमचं नाव माहीत असलेली हजारो माणसं लागतात, आणि तुमच्याकडे आहेत साठ-सत्तर. तीही माहितीसाठी आलेली नाहीत. सीव्ही कसा लिहावा हे यूट्यूबवर फुकट सापडतं. मंगळवारी कुणीतरी "पाठवलात का अर्ज?" असं विचारावं, याचे ते पैसे देतात. रेकॉर्डिंग असं काही विचारत नाही. म्हणून आधी बॅच, म्हणजे काही जणांना एकत्र कोचिंग.

बॅचचा अभ्यासक्रम नव्याने रचत बसू नका. मागच्या तीस सेशन्सच्या नोंदी काढा आणि जे दहादा तरी तेच बोललात त्यावर खूण करा. बहुधा चार-पाच गोष्टी निघतील: सीव्ही, 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर, मधला गॅप, पगाराची बोलणी, नव्वद दिवसांची नोटीस. हाच बॅचचा मजकूर. साहेबाशी बिनसलंय, घरून विरोध आहे, नोकरी सोडायची की नाही तेच ठरत नाही, हे चारचौघांत कुणी बोलत नाही. ते वन-टू-वनमध्येच राहू द्या, आणि बॅच सुरू झाली की वन-टू-वनची फी वाढवा. नाहीतर जुने क्लायंट विचारणारच, की तेच निम्म्या पैशांत मिळतंय तर आम्ही जास्त का द्यावेत?

सहा आठवडे, आठवड्याला ९० मिनिटं, माणसं नऊ. नऊच का? पहिली २० मिनिटं विषयाची, शेवटची १० घरी करायच्या कामाची. मधल्या ६० मिनिटांत तिघांचे प्रश्न, प्रत्येकी २० मिनिटं. सहा आठवड्यांत १८ पाळ्या, म्हणजे प्रत्येकाला दोन. बारा जण घेतलेत तर दुसरी पाळी निम्म्यांनाच मिळते, आणि उरलेले हळूहळू कॅमेरा बंद करून बसू लागतात.

आता हिशेब. समजा वन-टू-वनची फी १,५०० रुपये आहे आणि तयारी, नोंदी धरून एका सेशनला दीड तास जातो. म्हणजे तासाला १,०००. बॅचची फी ४,५०० ठेवलीत तर नऊ जणांचे ४०,५०० होतात. तास मोजा: सेशन्सचे ९, घरचं काम तपासायला माणशी आठवड्याला १० मिनिटं, म्हणजे आणखी ९, नऊ मिळवायला बारा जणांशी २०-२० मिनिटं बोलावं लागतं, ते ४, जाहिरात, आठवण करून देणं, पैशांचा पाठपुरावा मिळून ६. एकूण २८ तास, तासाला साधारण १,४५०. पाचच जण आले तर तपासणी आणि बोलणी कमी होतात, तरी २२ तासांत २२,५००, म्हणजे तुम्ही होतात तिथेच. चौघांत बॅच चालवणं तोट्याचं आहे. तारीख पुढे ढकला, पण भीड पडून सुरू करू नका.

बॅच बिघडते ती बहुतेक वेळा प्रवेश देताना. दोन वर्षं अनुभवाची मुलगी आणि पंधरा वर्षं काढलेला मॅनेजर एका बॅचमध्ये बसले की दोघांनाही आपला वेळ फुकट गेल्यासारखं वाटतं. ती २० मिनिटांची बोलणी याचसाठी असतात. नाही म्हणायलाही शिका. दुसरा घोळ व्हॉट्सअॅप ग्रुपचा. उत्तरं कधी मिळतील ती वेळ पहिल्याच दिवशी लिहून टाका आणि ग्रुप कधी बंद होईल ती तारीखही. रिफंडचा नियम पैसे घेण्याआधी सांगायचा: पहिल्या सेशननंतर २४ तासांत सांगितलं तर पूर्ण परत, नंतर नाही. मोघम ठेवलंत की वाद होतोच.

परदेशातले मराठी लोक घेणार असाल तर शनिवारी रात्री साडेआठची वेळ बरी: दुबईत सात, लंडनला दुपारचे तीन, न्यूयॉर्कला सकाळचे दहा. उन्हाळ्यात लंडन आणि न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास पुढे जातं, आणि दोघांच्या तारखा वेगळ्या असतात. मार्चमध्ये हमखास कुणीतरी तासभर चुकतं.

मासिक सभासदत्वाची घाई नको. दोन-तीन बॅचेस झाल्या, पंधरा जण तरी राहायला तयार आहेत, तेव्हाच. महिन्याला दोन कॉल, यूपीआय ऑटोपे. पैसे कापायच्या आधी ग्राहकाला सूचना जाते, आणि त्या सूचनेनेच काहींना सभासदत्व बंद करायची आठवण होते, हे गृहीत धरा.

कंपन्यांची वर्कशॉप्स पैशाने चांगली, पण पैसे उशिरा येतात आणि टीडीएस कापून येतात. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, ती करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकतं करणं कायद्याने बंधनकारक आहे. वर्षाची उलाढाल (नफा नव्हे, उलाढाल) २० लाखांवर गेली की जीएसटी १८ टक्के. नोकरदार क्लायंटला त्याचं क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, म्हणून ४,५०० 'करासह' म्हणालात तर हातात ३,८१४ उरतात. फी ठरवतानाच हे धरा.

चार बॅचेस झाल्या की मात्र रेकॉर्डिंग करा. विकायला नव्हे. विषयाची ती २० मिनिटं आदल्या दिवशी बघून यायला सांगा. मग सेशनमध्ये तीनऐवजी चार पाळ्या बसतात, सहा आठवड्यांत २४ होतात, आणि नवाची बॅच बाराची करता येते.