भाड्याने जगलेल्या वह्या

मिलानला राहायला येऊन तीन वर्षं झाली, तरी ब्रेराचा वाडा म्हणजे माझ्या लेखी वरच्या मजल्यावरची चित्रं, एवढंच. चौकात नेपोलियनचा उघडाबंब ब्राँझचा पुतळा, जिना चढलं की राफाएल. पाहुणे आले की हीच फेरी. याच वाड्यातल्या ब्राइदेन्से ग्रंथालयात रिकॉर्दींचा संगीत-दप्तरखाना आहे, हे मला परवा कळलं. घराणं गवयांचं नव्हे, प्रकाशकांचं.

इटालियन संगीतकार वेर्दीच्या 28 पैकी 23 ऑपेरांची, म्हणजे संगीतनाटकांची, त्याच्या हातची हस्तलिखितं इथे आहेत. त्याच्यानंतरच्या पुच्चीनीची तर 'ला रोंदिने' हा ऑपेरा सोडून सगळी. मला वाटलं, एवढं सगळं कुणीतरी भक्तिभावाने जपलं असणार. कसली भक्ती! चोख धंदा होता.

जोव्हान्नी रिकॉर्दी मूळचा नकलनवीस. थिएटरातल्या वादकांसाठी स्वरलिपी हाताने उतरवून द्यायची, हे त्याचं पोटापाण्याचं काम. लायप्झिगला जाऊन तो संगीत छापायला शिकला आणि 1808 मध्ये त्याने मिलानमध्ये स्वतःचं दुकान थाटलं. पुढे 1825 मध्ये मिलानच्याच स्काला या ऑपेरा-थिएटरचा स्वरलिपींचा साठाच विकत घेतला. मूळ प्रत आपल्या कपाटात ठेवायची आणि थिएटरांना नकला भाड्याने द्यायच्या. लग्नाला मोठी पातेली आणतो ना आपण, तसं: खेळ संपले की परत. चोरून नकला करणारे बोकाळले होते, त्यामुळे मूळ वही म्हणजे तिजोरीतलं सोनं. म्हणून ती टिकली. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात कंपनीची इमारत गेली, पण हस्तलिखितं आधीच सुरक्षित जागी हलवलेली होती.

मला मात्र आवडलं ते एक गिचमिड पान. 'तुरान्दोत' या ऑपेराचा शेवट लिहायचा राहिला आणि 1924 मध्ये पुच्चीनी ब्रसेल्सला वारला. मागे राहिली ती कच्च्या टिपणांची पानं. त्यातल्या एकावर त्याने लिहिलंय, 'पोई त्रिस्तानो', म्हणजे 'मग त्रिस्तान'. वाग्नरचा ऑपेरा त्याच्या मनात होता हे उघड आहे, पण त्यातलं नेमकं काय? घरी येऊन त्या पानाचा फोटो मी पडद्यावर मोठा करून करून बघितला. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी परवडली! आणि असल्या अक्षरातून फ्रान्को अल्फानो या संगीतकाराला शेवट उभा करायचा होता. त्याने तो केलाही. 1926 च्या पहिल्या प्रयोगात वाद्यवृंद चालवणाऱ्या तोस्कानीनीने पुच्चीनीचं लिखाण संपलं तिथेच छडी खाली ठेवली. अल्फानोचा शेवट त्या रात्री वाजलाच नाही.