तुम्ही विचारलेत म्हणून: स्वस्तातले इक्वलायझर पेडल घ्यावे का?

गिटार शिकायला येणारी मुले आणि त्यांना सोडायला येणारे पालक मला एक प्रश्न वर्षभर विचारत असतात: "सर, दोन-तीन हजारांत मिळणारे ते सात पट्ट्यांचे इक्वलायझर पेडल घेतले तर उपयोग होईल का, आणि घेतलेच तर त्याच्या पट्ट्या कुठे ठेवायच्या?" यातल्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे, जरूर घ्या. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही आणि दुसऱ्या कुणाच्या पेडलचा फोटो पाहून तर मुळीच देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी पेडलकडे नीट पाहू. पायाशी ठेवायची ही छोटी डबी गिटारच्या आवाजातले खर्जाचे, मधले आणि वरचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करते. सात उभ्या पट्ट्यांखाली १००, २००, ४०० आणि ८०० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपने), पुढे १.६, ३.२ आणि ६.४ किलोहर्ट्झ (हजार हर्ट्झ) असे आकडे छापलेले असतात. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या दुप्पट आहे, म्हणजेच प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा बरोबर एका सप्तकाने वरची आहे. आठवी पट्टी एकूण आवाजाची. बॉस कंपनीचे १९८१ साली आलेले जीई-७ हे या रचनेचे सर्वांत परिचित पेडल, आणि बेरिंगरच्या ईक्यू ७०० सारख्या प्लॅस्टिकच्या डबीतल्या स्वस्त पेडलवरही हेच आकडे असतात. प्रत्येक पट्टी मधल्या खाचेपासून १५ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) वर जाते आणि तितकीच खाली येते. सहा डेसिबल वाढवले की त्या भागातला विद्युतदाब दुप्पट होतो आणि १५ वाढवले की साडेपाचपट होतो. हा एवढा फरक पट्टीच्या जेमतेम सेंटिमीटरभर प्रवासात सामावलेला असतो, त्यामुळे बुटाचे टोक लागून पट्टी दोन मिलिमीटर सरकली तरी सूर बदललेला जाणवतो. मी पट्ट्यांच्या शेजारी कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने खुणा करून ठेवतो.

आता पट्ट्या कुठे ठेवायच्या ते पाहू. नवे पेडल हातात आले की प्रत्येक जण पट्ट्या वर नेतो. बेस हवा म्हणून डावीकडच्या दोन, चमक हवी म्हणून उजवीकडच्या दोन, आणि मधल्या तीन खाली, असा हसऱ्या तोंडाचा आकार तयार होतो. माझे सांगणे असे आहे की पट्ट्या खाली ओढायला शिका. स्वस्त पेडलचा खरा दोष सूर बिघडवणे हा नसून खरखर हा आहे, आणि ३.२ किंवा ६.४ ची पट्टी वर नेली की त्या भागातल्या गिटारच्या सुराबरोबर ती खरखरही तितक्याच पटीने वाढते. तीच पट्टी मध्यावर किंवा मध्याच्या खाली असली की हे स्वस्त पेडल महागड्या पेडलच्या इतके जवळ येते की कार्यक्रमात फरक ओळखणे अवघड व्हावे. खाली ओढल्यामुळे एकूण आवाज कमी झाला, तर आठवी पट्टी थोडी वर करून तो भरून काढावा.

काय खाली ओढायचे हे शोधण्याची रीत साधी आहे. सगळ्या पट्ट्या खाचेत ठेवून नेहमीचे वाजवणे चालू ठेवावे आणि एकेक पट्टी मुद्दाम पूर्ण वर नेऊन ऐकावे. ज्या पट्टीमुळे कानाला सर्वांत जास्त त्रास होईल, तिथेच बहुधा दुखणे असते. ती पट्टी खाचेच्या तीन-चार डेसिबल खाली आणावी आणि पेडल चालू-बंद करून तुलना करावी. दोन पट्ट्यांपेक्षा जास्त पट्ट्या हलवायची गरज मला क्वचितच पडते.

गणेशोत्सवातल्या भावगीतांच्या एका कार्यक्रमात मला हे पक्के कळले. माझी साधी, मोठ्या पेटीची गिटार पिकअपमधून (तारांचा आवाज विजेच्या रूपात पकडणाऱ्या भागातून) थेट मिक्सरला जोडलेली होती आणि मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचे वादन ऐकवणारा स्पीकर, पायांपाशी होता. पाचवी तार मोकळी छेडली की 'गुंऽऽ' असा आवाज चढत जाई आणि साउंडवाला घाईघाईने माझा आवाज पाडून टाकी. ती तार ११० हर्ट्झची असते आणि अशा गिटारच्या पोटातली हवाही १०० हर्ट्झच्या आसपासच घुमते, त्यामुळे मॉनिटरमधला आवाज तिला पुन्हा हलवत होता. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असताना मी गुडघ्यावर बसून १०० ची पट्टी निम्मी खाली आणली आणि २०० ची किंचित. घुमणे थांबले. मला स्वतःला गिटार काहीशी बारीक वाटत होती, पण कार्यक्रमानंतर तबलावादक म्हणाले की त्यानंतर त्यांना स्वतःचा डग्गा पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. गिटार तोवर त्यांच्या जागेत बसली होती.

घरी सुंदर वाटणारा सूर मंचावर हरवतो, ही मुलांची नेहमीची तक्रार आहे आणि तिचे कारण आपल्या कानातच आहे. हळू आवाजात आपल्याला खर्जाचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडले होते. घरात शेजाऱ्यांच्या भीतीने आवाज बारीक ठेवून आपण ती उणीव पट्ट्या वर नेऊन भरून काढतो, आणि मंचावर आवाज मोठा झाला की तोच बेस फुगतो आणि मधला भाग खोल दबून राहतो. गिटारचा ओळखू येणारा आवाज मात्र त्या मधल्या भागात, साधारण ४०० ते १६०० हर्ट्झमध्ये असतो. म्हणून ४०० आणि ८०० च्या पट्ट्या खाली ओढताना फार सांभाळावे. हार्मोनियम किंवा कीबोर्ड सोबतीला असेल तर दोघेही याच भागात गर्दी करतात, तेव्हा ४०० किंचित कमी आणि १.६ किंचित जास्त केले तर कॉर्डचा ठोका वेगळा उमटतो. वर न्यायची झालीच तर ही एक पट्टी मी नेतो, आणि सोलोच्या वेळी आठवी.

इलेक्ट्रिक गिटारवाल्यांसाठी पेडल कुठे जोडायचे हा प्रश्न आकड्यांहून मोठा आहे. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या, आधी जोडले तर काय फाटायचे ते ठरते आणि नंतर जोडले तर फाटून आलेल्या आवाजाला आकार मिळतो. जाड तारांवर तळहात टेकवून वाजवताना आवाजाचा चिखल होत असेल, तर तो नंतर बेस कमी करून साफ होत नाही, कारण खर्जाने डिस्टॉर्शनची बहुतेक जागा आधीच खाल्लेली असते. तिथे पेडल आधी जोडून १०० ची पट्टी खाली आणावी, म्हणजे तेच वाजवणे घट्ट आणि मोकळे वाटते. याउलट, ॲम्प (ॲम्प्लिफायर) न नेता डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरमध्ये घालण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, तिथे इक्वलायझर नंतर जोडावा. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वरचे फारसे बाहेर येऊ देत नाही, पण मिक्सरमधून गेलेला आवाज त्या चाळणीतून जात नाही आणि माशी घोंगावल्यासारखा लागतो. ६.४ ची पट्टी पूर्ण खाली आणि ३.२ ची थोडी खाली केली की तो पुष्कळ सुसह्य होतो.

दोन कामांसाठी मात्र हे पेडल घेऊ नये. एक म्हणजे विजेची गुणगुण घालवण्यासाठी. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि गुणगुण ५०, १००, १५० अशी पायऱ्यांनी वर चढत जाते. १०० ची पट्टी पाडली तर गुणगुण थोडी कमी होते, पण ८२ हर्ट्झची सहावी तार आणि ११० ची पाचवी तारही तिच्याबरोबर जाते. त्यापेक्षा केबल, अडॉप्टर आणि अर्थिंग तपासावे. दुसरे म्हणजे सहा महिने जुन्या तारांमध्ये चमक आणण्यासाठी. तारेत जे उरलेले नाही ते पट्टी वर नेऊन येत नाही, नुसती खरखर येते. आधी तारा बदलाव्यात आणि मग पेडल लागते का ते पाहावे.

दुकानात गेलात तर पेडल चालू ठेवून प्रत्येक पट्टी सावकाश वरखाली करा. कुठे खर्रर्र आवाज आला किंवा सूर मध्येच तुटला तर दुसरा नग मागा. मधली खाच बोटाला स्पष्ट लागली पाहिजे, कारण अंधाऱ्या मंचावर तीच एक खूण हाताशी असते. अडॉप्टर डबीवर लिहिलेल्या व्होल्टचाच घ्या. एमएक्सआर कंपनीच्या दहा पट्ट्यांच्या पेडलला १८ व्होल्ट लागतात, तर या सात पट्ट्यांच्या पेडलना ९ लागतात आणि त्यांची मधली पिन ऋण असते. घरातल्या राउटरचे अडॉप्टर त्या भोकात नेमके बसते, पण त्याची मधली पिन बहुधा धन असते, तेव्हा ते लावून पाहण्याचा मोह टाळा. आणि घरी आणल्यावर पहिला आठवडा सगळ्या पट्ट्या खाचेतच राहू द्या, म्हणजे आपली गिटार मुळात कशी वाजते ते कानात बसेल.