‘मालक मुंबईला असत्यात’

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट अधूनमधून फिरून येते. जगातल्या देशांची यादी, प्रत्येकापुढे घटस्फोटांचं प्रमाण, आणि सगळ्यात खाली भारत : एक टक्का. पुढे हात जोडलेले, तिरंगे आणि ‘आपली कुटुंबव्यवस्था!’ पाठवणारे बहुतेक वेळा आमचे एक चुलतमामा. ते मोठे, मी लहान, म्हणून ग्रुपवर मी गप्प बसते. इथे ते येत नाहीत, तर बोलून घेते.

मी घरोघर फिरून पाहण्या करणारी बाई. आधी स्वतः प्रश्न विचारायचे, आता विचारणाऱ्या मुलींवर देखरेख करते. आमचा भाग म्हणजे माण, खटाव, आटपाडी, सांगोला, सगळा दुष्काळी पट्टा. मामांच्या पोस्टमधला आकडा कुठल्या कारखान्यात तयार होतो ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्यासारखीच कोणीतरी उंबऱ्यावर पाय दुमडून बसते, मांडीवर फॉर्म घेते आणि विचारते, “लग्न झालंय का? मालक कुठं असतात?”

२०११च्या जनगणनेत देशात साधारण १३ लाख ६० हजार माणसं घटस्फोटित म्हणून नोंदली गेली. विवाहितांशी तुलना केली तर पाव टक्कासुद्धा नाही. म्हणजे मामांना आणखी आनंद व्हायला हरकत नाही. पण त्याच तक्त्यात शेजारी ‘विभक्त’ असा रकाना आहे आणि तिथली संख्या घटस्फोटितांच्या जवळपास तिप्पट आहे. दोन्ही रकान्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त. पुरुष परत लग्न करतो आणि ‘विवाहित’च्या रकान्यात जाऊन बसतो. बाई आहे तिथेच राहते. हा शेजारचा रकाना कुठल्याच फॉरवर्डमध्ये मी पाहिलेला नाही.

बरं, हा आकडाही पुरा नाही असं माझं मत आहे, आणि ते कागद वाचून झालेलं नाही.

खटाव तालुक्यातलं एक गाव. ज्वारीची काढणी उरकलेली, अंगणात बाई सुपाने पाखडत बसलेली. घर भावाचं. आई आहे, भावजय आहे, भावाची मुलं आहेत. मी विचारलं, मालक कुठे असतात. “मालक मुंबईला असत्यात.” काय करतात? “असत्याल कायतरी.” सूप थांबलं नाही. आत भांड्यांचा आवाज मात्र थांबला होता, म्हणजे भावजयीचे कान इकडे होते. असं झालं की आमच्याकडे एक ठरलेला प्रश्न असतो. शेवटचे कधी आले होते? ती म्हणाली, “जत्रंला.” यंदाच्या? मग तिने सूप खाली ठेवलं. “न्हाई वो. थोरली रांगत हुती तवाच्या.” थोरली दारातच उभी होती. तिच्या कडेवर तिचं स्वतःचं पोर होतं.

वैवाहिक स्थिती काय लिहिली? विवाहित. ती तसं म्हणाली म्हणून.

यावर नवीन मुली हमखास चिडतात. मॅडम, हे धडधडीत खोटं आहे. पण नियम साफ आहे, समोरचं माणूस सांगेल ते लिहायचं. जनगणनेच्या जुन्या सूचनांत तर असं आहे की गावात एखाद्या लग्नाबद्दल वाद असला तरी ती व्यक्ती स्वतःला विवाहित म्हणत असेल, किंवा दोघं कायमची एकत्र राहत असतील, तर विवाहित लिहावं. मला हा नियम मनापासून आवडतो. गाव ज्या बाईला ‘ठेवलेली’ म्हणतं तिला फॉर्मवर बायको म्हणून जागा मिळते. कोणीही साक्षीदार मागत नाही. कुटुंबप्रमुखाचंही तसंच, घरातले ज्याला मानतात तो प्रमुख. गुरू आणि चेले मिळून राहणाऱ्या एका तृतीयपंथी घरात गुरूंनी स्वतःला प्रमुख सांगितलं. चेल्यांचं नातं काय लिहू विचारल्यावर म्हणाल्या, “लेकी लिही.” आमच्या यादीत गुरू-चेला नात्याला कोड नाही. लेकीला आहे.

पण याच नियमाच्या आडोशाला सूप पाखडणारीचा नवरा लपतो. नियम एका हाताने देतो, दुसऱ्याने झाकतो.

आता ‘मुंबईला असत्यात’ म्हणजे दरवेळी टाकलेलीच, असंही नाही. आमच्या भागातून पिढ्यान् पिढ्या पुरुष मुंबईला गेले. आधी गिरण्यांत, मग माथाडी म्हणून बाजारांत. गावच्या मंडळाची खोली असायची, एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळ्यापाळ्याने झोपायचे. तिथे बायको कुठे नेणार? २०११च्या जनगणनेत देशातली ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. घरयादीच्या फॉर्मवर खोल्या किती आणि घरात विवाहित जोडपी किती, असे दोन्ही प्रश्न असतात. नव्या मुलींना ते रुक्ष वाटतात. मला त्या दोन आकड्यांतून अख्खा संसार दिसतो. एक खोली आणि दोन जोडपी असं उत्तर आलं की मी पुढचं काही विचारत नाही. तर अशी हजारो लग्नं गणपती, जत्रा आणि मे महिना एवढ्यावर टिकली, चांगली टिकली. माझ्या आजीचं त्यातलंच. आजोबांची मनिऑर्डर चुकली नाही आणि आजीनेही कधी कागाळी केली नाही. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, मात्र बायकापोरांसकट जातात, पार कोलकात्या-कोचीपर्यंत, आणि गावातल्या बंगल्याला वर्षभर कुलूप.

म्हणजे तेच वाक्य, दोन संपूर्ण वेगळी आयुष्यं, आणि फॉर्मवर दोन्हींना एकच कोड.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात यापुढचा प्रश्न आहे : नवरा सध्या तुमच्याजवळ राहतो की दुसरीकडे? त्याला आणखी बायका आहेत का, हेही विचारतात. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे हे काम असतं, आणि मारहाणीच्या प्रश्नांबाबत त्यांचा दंडक कडक आहे. एका घरात एकाच बाईला ते प्रश्न विचारायचे, आणि एकांत मिळाला तरच. कोणी ऐकतंय असं वाटलं तर तो भाग सोडून द्यायचा. दंडक योग्य, पण एकांत आणायचा कुठून? सासू हलत नाही. सासूला पाणी आणायला पाठवलं तर ती नातवाला पाठवते. मग एखादी मुलगी सासूशी गुडघेदुखीवर बोलत ओसरीत बसते आणि दुसरी आत प्रश्न विचारते. आमचं निम्मं कौशल्य यातच खर्च होतं.

मामांचा खरा मुद्दा संस्कृतीचा आहे. घटस्फोट आपल्याकडे नाहीच. आपल्याकडे म्हणजे कोणाकडे? आमच्याच गावातल्या म्हाताऱ्यांना काडीमोड माहीत आहे, फारकत माहीत आहे, पाट लावणं माहीत आहे. शेतकरी, कारागीर, भटक्या जातींत नवऱ्याशी पटलं नाही तर पंचांसमोर मोकळं व्हायचं आणि दुसरं घर करायचं ही रीत होती. भांडण व्हायचं, दंड बसायचा, पंचांत न्याय मिळेलच असंही नाही, पण बाई आयुष्यभर अडकून पडायची नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने चालत आलेला काडीमोड मोडीत काढला नाही, २९व्या कलमात तो शाबूत ठेवला. पुढे घराणी स्वतःला वरची म्हणवू लागली तसा पाट लाजिरवाणा झाला. वरच्यांचं सोवळं उचललं आणि खालच्यांची सुटकेची वाट बुजवली. आता तेच सोवळं ‘आपली संस्कृती’ म्हणून ग्रुपवर येतं.

कोर्टाचा रस्ता आहे की. दोन वर्षं सोडून दिलं तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता येतो. पण सूप पाखडणारीने तो कशासाठी मागावा? वडूजच्या कोर्टात हेलपाटे घालायचे, वकील द्यायचा, भावाचे पैसे घालवायचे, आणि वर ‘सोडलेली’ हा शिक्का कायमचा. भावाची मुलगी लग्नाची आहे, तिच्या स्थळाला उगाच विषय नको. मंगळसूत्र गळ्यात आहे तोवर हळदीकुंकवाला बोलावणं येतं. हा सगळा हिशेब तिने केलेला असतो आणि तो चुकीचा असतो असं मला वाटत नाही. नवऱ्याला तर घटस्फोटाची गरजच नसते. त्याने तिकडे दुसरं घर केलेलं असतं. कायद्याने ते लग्नच नाही, पण तक्रार कोण करणार?

हा हिशेब कधी कधी कागदावर आपटतो. महिन्याला पैसे मिळतात अशा एका योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं आलं, त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार लागायचा आणि ओटीपी जायचा आधारला जोडलेल्या मोबाइलवर. वडील वारलेले आणि नवरा हा असा. माझ्या ओळखीच्या एका बाईने कुठून कुठून नंबर मिळवला आणि वर्षानुवर्षांनी नवऱ्याला पहिला फोन केला तो सहा आकडे मागायला. उचलला दुसरीने. हिने सगळं सांगितलं, लपवालपवी केली नाही. तिकडून ती म्हणाली, “थांबा, त्यांचा फोन चार्जिंगला आहे, बघून सांगते.” सांगितलेसुद्धा. काम झालं. त्यानंतर दोघी अधूनमधून बोलतात म्हणे, मुख्यतः त्याच्याविरुद्ध. सवतींच्या भांडणावर मालिका काढणाऱ्यांना हे कोणी कळवावं.

या नात्याला आमच्या कुठल्याच फॉर्मवर कोड नाही आणि असावा असा माझा आग्रहही नाही. एवढंच की मामांच्या एक टक्क्यात या दोघी कुठेच सापडत नाहीत. एक ‘विवाहित’, दुसरीही ‘विवाहित’, मधला माणूस ‘विवाहित’. तक्त्याच्या लेखी तीन सुखी माणसं.

आता २०२७ची जनगणना येतेय. या वेळी घरच्यांना स्वतः मोबाइलवर माहिती भरता येणार आहे. शहरात ते सोयीचं होईल. गावात मात्र फोन ज्याच्या हातात, फॉर्म त्याचा. उंबऱ्यावर निदान बाई समोर असते, सूप खाली ठेवते, खरं बोलायचं की नाही ते तीच ठरवते. भावाने रात्री जेवणानंतर आडवं पडून फॉर्म भरला तर बहिणीच्या नावापुढे काय निवडेल ते सांगायला पाहणी नको. प्रशिक्षणाला बोलावलं तर मी मुलींना एवढंच सांगणार आहे, की फोनवर भरून झालंय असं सांगणाऱ्या घरातही जाऊन या आणि बाईला विचारा, मालक शेवटचे कधी आले होते. फॉर्मवर हा प्रश्न नाही, माहीत आहे मला. तरी विचारा.