रातची लाईन आणि बिनगिटारीचा अल्बम

या हप्त्यात मोटरीची थ्री फेज लाईन रात्रीची. गव्हाला पाणी द्यायचं, म्हणून बारा वाजता मोटर चालू केली अन् धुऱ्यावर शेकोटी पेटवून बसलो. मोबाईलवर जो जॅक्सन या गायकाचा १९८२ चा अल्बम, 'नाईट अँड डे'.

हा इंग्लंडचा गडी आधी गिटारीवरची तडतडी गाणी करायचा. मग न्यूयॉर्कला गेला, तिथला साल्सा (लॅटिन नाचाचं संगीत) आणि जॅझ कानात भरला, अन् गिटार जवळपास हद्दपारच केली. पुढं आला त्याचा पियानो, ग्रॅहम मेबीचा बास आणि स्यू हाजोपुलोसचे काँगा-बाँगो, म्हणजे हातानं वाजवायचे ढोल. 'टार्गेट' हे गाणं लागलं की ठोके नीट कान देऊन ऐका: एक उघडा, एक दाबलेला, मधेच तळहाताचा नुसता थाप.

मोठेबाबा फावडं घेऊन सरीतून आले. सारा जन्म तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात गेलेला माणूस.

"काऊन रे, खंजिरी कोन वाजवून रायलं?"

"बाई आहे, मोठेबाबा. अमेरिकेतली."

तेवढ्यात 'कॅन्सर' लागलं. जगातल्या सगळ्यानंच कॅन्सर होतो, असा टोमणा, अन् खाली चाल अगदी लग्नात नाचावं अशी. (शब्द मी त्यांना सांगितले नाहीत.) ते फावड्याच्या दांड्यावर बोटं वाजवत होते.

"पेटीवाला लय पयते, पन समेवर येते बरं!"

याच अल्बममधलं 'स्टेपिन आऊट' अमेरिकेत सहाव्या नंबरवर गेलं होतं. गोड आहे, पण मला 'कॅन्सर'च जास्त आवडतं.

दोनच्या सुमारास एक फेज गेला. मोटर गुरगुरून बंद. अर्धं वावर कोरडंच राहिलं.