धिरडं सुटेना! माझा पंधरा दिवसांचा अनुभव

दहा मिनिटांत होणारं बेसनाचं धिरडं जमायला मला पंधरा दिवस लागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. जिथे जिथे कृती वाचली किंवा पाहिली, तिथे 'तवा तापवून डावभर पीठ पसरा' एवढ्या एका वाक्यात सगळं उरकलेलं होतं. कुठला तवा, तो आधी कसा तयार करायचा, त्यावर कालपर्यंत काय भाजत होतात, याबद्दल चकार शब्द नाही. सगळं अडतं ते तिथेच.

पिठाचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात मला एकदाही अडचण आली नाही. एक वाटी बारीक बेसन (लाडवाचं रवाळ नको), दोन चमचे तांदळाचं पीठ, हळद, तिखट, मीठ, हिंग, तळहातावर चुरडलेला पाव चमचा ओवा. आधी थोडंच पाणी घालून घट्ट कालवायचं, गुठळ्या मोडायच्या, मग सैल करायचं. वाटीभर पिठाला वाटीला थोडं कमीच पाणी लागतं. डावातून सरसर पडेल इतपत झालं की बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि कोथिंबीर घालायची आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. यात चार-पाच धिरडी होतात. उत्तरेत यालाच चिला म्हणतात, गुजरातेत पुडला. आमच्या सांगलीच्या घरी मात्र धिरडंच.

आता तवा. पुण्यात खोली घेतली तेव्हा तुळशीबागेतून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा आणला होता. नॉनस्टिक घ्यायचा नाही हे ठरलेलंच होतं, कारण आईचा तवा बिडाचा आणि तिचं धिरडं नुसत्या फुंकरीने सरकायचं. रात्री अकराला दुसरी पाळी संपवून आलो, भूक लागलेली, पीठ कालवलं, तव्यावर घातलं. कडा वाळल्या, वरून रंगही बदलला. उलथणं खाली घातलं तर मधला भाग तव्यालाच! खरवडून काढला तेव्हा ताटलीत पिवळा चुरा होता आणि तव्यावर करपलेला थर.

दुसऱ्या दिवशी तेल दुप्पट घातलं. धिरडं तेलात पोहलं आणि तरीही चिकटलं. मग वाटलं पीठ पातळ झालं असेल, म्हणून घट्ट केलं, तर बाहेरून करपलं आणि आतून कच्चं राहिलं. कच्च्या बेसनाचा तो उग्र वास तोंडातून तासभर जात नाही. मग तांदळाचं पीठ वाढवलं. मग रवा घालून पाहिला. एकदा चिमूटभर सोडाही घातला. हळद असलेल्या पिठात सोडा जास्त झाला की लालसर डाग उठतात, तेही त्या दिवशी कळलं. बेसनात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून धिरडं तुटत असेल, असाही तर्क मी केला आणि कणीक घातली. चव गेली, चिकटणं तसंच. रोज रात्री पाऊण तास तवा घासायचा, साबण लावून, तारेच्या घासणीने, अगदी करडा दिसेपर्यंत. आपण भांडं स्वच्छ ठेवतोय याचं मला समाधानही वाटायचं.

बाराव्या दिवशी आईला फोन केला. तिने पिठाचं काही विचारलंच नाही.

"तव्यावर पोळ्या भाजतोस का रे?"

"हो. एकच तवा आहे माझ्याकडे."

"आणि घासतोस कशाने?"

सांगितलं. ती म्हणाली, "मग सुटेल कसं? पोळीचा तवा कोरडा तापतो, त्यावरचं तेल जळून जातं. उरलंसुरलं तू घासून काढतोस. उघड्या बिडाला बेसन धरणारच."

तेव्हा आठवलं, घरी खिळ्यांना दोन तवे टांगलेले असायचे. धिरड्याचा छोटा, काळाकुळकुळीत, त्यावर पोळी टाकली तर आजी रागवायची. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मग दोन संध्याकाळी मी फक्त तव्याला दिल्या. शेवटचं एकदा घासून धुतला, गॅसवर ठेवून पार कोरडा केला. फडक्याने शेंगदाणा तेलाचा अगदी पातळ हात फिरवला आणि पुसून टाकला, दिसेल न दिसेल इतकंच ठेवलं. धूर येईपर्यंत तापवला, थंड केला, पुन्हा तेल. असं पाच वेळा. तेल जाड राहिलं तर ते जळून चिकट राळ होते, म्हणून पुसणं महत्त्वाचं. खिडकी उघडी ठेवा, धूर बराच होतो. शेवटी तेलात भरपूर कांदा आणि मीठ घालून काळा होईपर्यंत परतला आणि टाकून दिला. तव्यावर काळसर तुकतुकी आली, ती पाहूनच माझा जीव भांड्यात पडला.

तापमानाचं मघाशी राहिलं. तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडा. नुसते बसून राहिले तर तवा गार आहे. मण्यांसारखे पळाले तर जास्त तापलाय, पीठ डावाबरोबर गोळा होऊन येतं. चुर्र करून लगेच आटले की घाला. मी दर धिरड्याआधी अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवतो. कोकणात घावनांसाठी यालाच नारळाची शेंडी वापरतात. पीठ घातलं की गॅस मध्यम, वर झाकण, दोन मिनिटं. आणि उलथणं घालायची घाई करू नका! कड आपोआप वर उचलली की धिरडं तयार असतं. त्याआधी हात लावला की फाटतं. हे मला पंधरा दिवसांत सगळ्यात कठीण गेलं, कारण भूक.

टोमॅटो घालायचा असेल तर तवा महिनाभर चांगला मुरल्यावर घाला. आंबटाने तेलाचा तो काळा थर निघतो. धुताना गरम पाणी आणि मऊ घासणी पुरते, मग गॅसवर वाळवून तेलाचं बोट. पोळ्यांसाठी मी दुसरा लोखंडी तवा आणलाय.

पंधराव्या रात्री धिरडं अख्खं सुटलं. तवा हलवला तर ते त्यावर गोल सरकत होतं. मी ताटलीत काढून लगेच आईला फोटो पाठवला. रात्रीचे साडेअकरा झाले होते, तरी ती जागी होती. उत्तर आलं, "मागची बाजू दाखव."

उलटलं. जाळी पडलेली, बदामी डाग, कडा खरपूस. दुसरा फोटो पाठवला.

"आता पुढच्याला कडेने अर्धा चमचा तेल सोड," तिने लिहिलं.