चार तास कुणी हात लावायचा नाही

इंग्लंडमधल्या लीड्सच्या कर्कगेट मार्केटात खाटकांची एक अख्खी गल्ली आहे. तिथल्या काचेमागे गोमांसाचे तुकडे मांडलेले: मधोमध, मानाच्या जागी फिलेट. टॉपसाइड आणि सिल्व्हरसाइड त्याच्या आजूबाजूला. ब्रिस्केट, म्हणजे छातीचा तुकडा, बहुधा कोपऱ्यात पडलेला असतो. गुंडाळून दोऱ्याने आवळलेला, एका अंगाला पिवळट पांढऱ्या चरबीचा थर, आणि धागे इतके जाड की लांबूनही दिसावेत. भावही कमी. रविवारच्या रोस्टसाठी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

गुराला कॉलरबोन नसते. त्यामुळे पुढच्या अंगाचा भार छातीच्या स्नायूंनाच पेलावा लागतो, आणि ब्रिस्केट म्हणजे तेच स्नायू. उठणं, बसणं, चालणं, सगळं त्यांच्या जिवावर. फिलेट मात्र कण्याखाली जन्मभर निवांत पडून असतो, म्हणून मऊ. राबणारा स्वस्त आणि बसून असणारा महाग, हा न्याय काही खाटकाच्याच दुकानात चालतो असं नाही. पण ते असो.

राबणाऱ्या स्नायूत कोलॅजन (धाग्यांना बांधून ठेवणारं प्रथिन) भरपूर असतं आणि चिवटपणा सगळा त्याचाच. मांस आतून साठ अंशांच्या पुढे गेलं की हे कोलॅजन आकसतं आणि धाग्यांमधलं पाणी पिळून काढतं. सत्तरच्या वर बराच वेळ राहिलं, तर हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि ज्याने आवळलं होतं तेच धाग्यांना ओलावा द्यायला लागतं. गोम अशी की हे दोन्ही एकापाठोपाठ घडतं. दीड-दोन तासांनी काढून पाहिलंत तर मांस कच्चं होतं त्याहून चिवट लागेल. कितीतरी जणांचा रोस्ट इथेच बिघडतो. आच कमी पडली असं समजून ते वाढवतात. कमी पडलेला असतो वेळ.

आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवायचा. सकाळी कोरडा पुसून, काळी मिरी लावून, जाड बुडाच्या भांड्यात चारही अंगांनी खरपूस करायचा. अशाने आतला रस कोंडला जातो असं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग १८४७ साली सांगून गेला आणि अजून अनेक जण तसंच सांगतात. रस वगैरे काही कोंडला जात नाही. भाजलेल्या अंगातूनच तो टिपकत असतो. पण तो तपकिरी रंग आणि त्याचा वास दुसऱ्या कशानेच येत नाही, म्हणून हे टाळायचं नाही. मग कांदा, गाजर, तमालपत्र, कपभर पाणी किंवा एल (इंग्लिश बिअर), घट्ट झाकण, आणि ओव्हन १४० अंशांवर. दीड किलोला साधारण चार तास. ओव्हनच्या बटणावरचा आकडा मात्र खरा मानू नका. आत टांगायचा स्वस्तातला थर्मामीटर मिळतो, तो घ्या.

झाकण लावलं की तो रोस्टच नव्हे, असं म्हणणारे इथे भेटतात. त्यांच्या हिशेबाने जायचं तर ओव्हनमधलंही काही रोस्ट नव्हे. जुना इंग्लिश रोस्ट उघड्या विस्तवासमोर सळईवर फिरायचा. सळई फिरवायला आखूड पायांची कुत्री असत, भिंतीवरच्या चाकात पळणारी. वेल्समधल्या ॲबरगेव्हनीच्या संग्रहालयात असं एक कुत्रं पेंढा भरून ठेवलंय. नाव व्हिस्की.

आम्ही वसईकडचे. आमच्याकडे टोपावर झाकण, झाकणात पाणी, खाली मंद चूल, आणि टोपाजवळ कोणीतरी कायम बसलेलं. २०१५पासून महाराष्ट्रात बैलाचंही मांस बंद झालं, तेव्हा आईच्या टोपात आता म्हैसच असते, आणि तिला वेळ आणखी लागतो. म्हणून हल्ली आईने टोप सोडून कुकर धरलाय. माझे चार तास ऐकून ती फोनवर म्हणाली, “चार तास? अगं, बिल किती येईल! कुकरला लाव, शिट्ट्या काढ आणि मोकळी हो.”

तिचं शास्त्र चुकीचं नाही. कुकरमध्ये तापमान एकशेवीसच्या आसपास जातं आणि कोलॅजन तासाभरात शरण येतं. पण त्या घाईत धागेही सुटे होतात. रस्सा करायचा असेल तर उत्तम. पण रोस्टची काप पडली पाहिजे, आणि उचलताना तुटताही कामा नये. खरी अडचण वेगळीच आहे, ती आमच्या हातांची. ढवळायचं, चाखायचं, चमच्याने दाबून बघायचं, ही सवय लहानपणापासूनची. ओव्हन ती सगळी कामं काढून घेतो. दार उघडलंत की ऊब गेली. मग माणूस उगाच ओटा पुसत बसतो.

मंद आचेची ही करामत कळली तीही कुणीतरी नाद सोडला म्हणून. काउंट रम्फर्ड नावाचा एक उपद्व्यापी गृहस्थ होता. मूळचा अमेरिकन, पण स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूचा. पुढे जर्मनीतल्या बव्हेरियाच्या दरबारात चाकरी करून काउंट झाला. (प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेच्या विधवेशी लग्न केलं, ते टिकलं नाही, पण तो विषय वेगळा.) उष्णतेने त्याला झपाटलं होतं. तोफा कोरताना धातू का तापतो इथपासून चुलीत किती लाकूड वाया जातं इथपर्यंत सगळ्यात त्याचं डोकं. एकदा बटाटे वाळवायच्या यंत्रात त्याने मेंढ्याचा खांदा ठेवून पाहिला. तीन तासांनीही शिजेना, तेव्हा नाद सोडून स्वयंपाकिणींना तो देऊन टाकला. रात्र झाली होती. त्यांनी तो तिथेच राहू दिला. सकाळी पाहतात तर नुसता खाण्याजोगा नव्हे, अप्रतिम शिजलेला. याच रम्फर्डने १७९९मध्ये लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन ही विज्ञानसंस्था उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि १९६९मध्ये तिथल्याच व्यासपीठावर निकोलस कुर्ती या भौतिकशास्त्रज्ञाने त्याची ती मंद आच पुन्हा लोकांसमोर आणली. स्वयंपाकिणींची नावं मात्र कुठे नाहीत.

चार तासांनी काटा घालून जरा फिरवायचा. विरोध न होता फिरला की झालं. बाहेर काढून फॉइलखाली अर्धा तास तसाच ठेवायचा, आणि तेवढ्यात ओव्हन २२० वर नेऊन यॉर्कशायर पुडिंग (गोड नव्हे; मैदा, अंडी, दुधाच्या पातळ घोळाची फुगलेली वाटी) करून घ्यायची. साच्यात चरबी धूर येईस्तोवर तापलेली हवी, घोळ पडताच चर्रकन आवाज आला पाहिजे. जुन्या घरांत ही पुडिंग ग्रेव्हीबरोबर आधीच वाढत, म्हणजे पोटं भरायची आणि मांस कमी लागायचं. आमच्याकडेही लग्नाच्या पंगतीत भाताचा आग्रह आधी होतो, ते काही उगाच नाही.

कापताना सुरी धाग्यांना आडवी. ब्रिस्केटचे धागे कुठे जातात हे कच्चा असतानाच पाहून ठेवावं, शिजल्यावर वरच्या काळपट सालीखाली ते दिसत नाहीत. उभा कापलात तर चार तासांची मेहनत दातांत अडकते. आडव्या कापेत मात्र धाग्यांची टोकं चमकताना दिसतात, ते जिलेटिन.

उरलेलं सोमवारी. इथल्या घरांत थंड काप, पाव आणि हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखं झणझणीत मूळ). मला लागते चिली फ्राय: उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, थोडं व्हिनेगर, आणि मांसाच्या बोटभर पट्ट्या कडेने कुरकुरीत होईपर्यंत. त्यासाठी रविवारीच दोन जाड कापा बाजूला काढते आणि टेबलावर आणतच नाही, नाहीतर पाहुणे ठेवत नाहीत.