अपडेट बसला, ब्राउझर मात्र जुनाच

माझ्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे, आणि तिच्यात 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू आहे, म्हणजे सिक्युरिटी अपडेट मला न विचारताच बसतात. त्यामुळे सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीमधल्या (वेबपी प्रकारची चित्रं उलगडणारी लायब्ररी, जी ब्राउझरही वापरतात) सुरक्षेच्या त्या भोकाची, सीव्हीई-२०२३-४८६३ या नोंद-क्रमांकाची, बातमी आली तेव्हा मी निवांत होतो. भोक तसं भयंकरच होतं: वेबपी चित्र उलगडताना हफमन तक्ते (आकसलेला डेटा परत उलगडायचे तक्ते) मेमरीतल्या ठरलेल्या जागेबाहेर लिहिले जायचे, आणि मुद्दाम तसं बनवलेलं चित्र पाठवून हल्लेखोर त्याचा फायदा घेऊ शकायचा. काही क्लिक करायची गरज नाही, चित्र नुसतं दिसलं तरी पुरे. क्रोमची दुरुस्ती ११ तारखेला आली, फायरफॉक्सची १२ला.

दोन दिवसांनी डीपीकेजीला, म्हणजे काय काय बसलंय याची नोंद ठेवणाऱ्या डेबियनच्या प्रोग्रॅमला, विचारलं. फायरफॉक्स-ईएसआर (डेबियनमधला फायरफॉक्स) नवा, लिबवेबपी नवं. झालं की!

मग सहज म्हणून चालू फायरफॉक्सचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घेऊन प्रॉकमधली 'मॅप्स' फाइल उघडली; चालू प्रोग्रॅमने कोणत्या फाइली मेमरीत घेतल्यात ते तिच्यात दिसतं. लिबझूलच्या, म्हणजे फायरफॉक्सच्या मुख्य लायब्ररीच्या, ओळीच्या शेवटी शब्द होता: 'डिलिटेड'. म्हणजे डिस्कवरची जुनी फाइल गेली, तिच्या जागी नवी आली, पण माझा ब्राउझर जुनीलाच धरून बसलेला. लिनक्समध्ये फाइलचं नाव पुसलं तरी कुणी ती उघडून ठेवली असेल तोवर ती जिवंतच असते. एरवी हीच गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, काम न थांबवता अपडेट होतो म्हणून.

आणि फायरफॉक्सने मला सांगितलंही होतं! आदल्या दिवशी नवा टॅब उघडला तर 'आधी रीस्टार्ट करा' असं पान आलं. मी चरफडत तो टॅब बंद केला आणि जुन्या टॅबांत काम चालू ठेवलं. लॅपटॉप मी कधी बंद करतच नाही, नुसता मिटतो. साठेक टॅब उघडे होते, ते जातील ही भीती. (गेले नाहीत. सगळे परत आले, नको असलेलेसुद्धा.)

तेवढ्यात आठवलं, चॅटचं अ‍ॅपही इलेक्ट्रॉनवर आहे. म्हणजे त्याच्या पोटात स्वतःचं क्रोमियम (क्रोम ज्यावर बनतो तो ब्राउझर), आणि त्यात स्वतःचं लिबवेबपी. अ‍ॅप्टने (डेबियनच्या अपडेट बसवणाऱ्या साधनाने) सिस्टीमचं लिबवेबपी कितीही बदललं तरी त्या पोटापर्यंत हात पोचत नाही. अ‍ॅपवाल्यांनीच नवी आवृत्ती काढायला हवी. आणि दिवसभर लोक चित्रं पाठवतात ती नेमकी तिथेच. नवी आवृत्ती येईपर्यंत ते अ‍ॅप बंद ठेवलं आणि तीच चॅट फायरफॉक्सच्या एका टॅबात उघडली. एकसष्टावा.